माहिती देणार : मुलगी

देवपूर, धुळे
रविवार, २० ऑक्टोबर १९९१

ती. यादवभाऊस,
लिलाचा सविनय जय भीम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. धाकट्याचा खोकला एकदाचा गेला. मोठीला सहामाहीत गणितात कमी मार्क पडले, तर हे म्हणतात मामा मास्तर असून उपयोग काय. सासूबाई साक्रीहून आल्या आहेत. दिवसभर ओट्यावर पाय पसरून बसतात आणि शेजारच्या भागाबाईशी साऱ्या गल्लीचा पंचनामा करतात. मायचं कसं चाललंय? ती मशेरी लावते ती कमी कर म्हणावं. मशेरी म्हणजे तंबाखूच असते हे तिला दहादा सांगितलं, पण तिच्या मते तंबाखू फक्त पुरुष खातात.

आता तुझ्या पत्राविषयी. दहा नोव्हेंबरला आबांचं पहिलं पुण्यस्मरण, विहारासमोर मांडव, भन्तेजींना तू सांगून ठेवलंयस, जेवण आहे, हे सगळं वाचलं. चांगलं केलंस. आबांनी उभा जन्म सावद्याच्या स्टेशनात केळीच्या वॅगनी भरल्या आणि भरून घेतल्या. त्यांच्या टोळीतली जी माणसं उरली आहेत त्यांना आठवणीने बोलाव.

आणि तू लिहिलंस की कार्डं छापायला टाकायची आहेत, वक्त्यांमध्ये तुझं नाव टाकू का ते कळव. 'तू हृदयविकारावर बोल लिला. लक्षणं काय, धोका कुणाला, काळजी काय घ्यायची. लोकांना उपयोग होईल आणि आबांना तीच खरी आदरांजली ठरेल.' अक्षर नेहमीसारखं सुंदर. वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि चार दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. नाव छापायचं की नाही हे या पत्रात सांगते, पण शेवटी सांगते. तोवर धीर धर.

भाषण करायचं म्हणून आज सकाळी खरंच लिहायला बसले होते. म्हटलं, वॉर्डात शिकाऊ मुलींना सांगते तेच लिहावं. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगते, पोरींनो, छातीवर हात धरून धाडकन कोसळतो तो सिनेमातला पेशंट. आपला पेशंट पुष्कळदा चालत येतो आणि म्हणतो, सिस्टर, जरा गॅस झालाय, सोडा द्या. त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्या, पण त्याच्या अंगाकडे जास्त द्या. कपाळावर गार घाम आहे का. बोलता बोलता वाक्य मधेच तुटतं का. हात हातात घ्या, म्हणजे नाडीही कळते आणि हात थंडगार पडलाय का तेही कळतं. नाडी शंभराच्या वर पळतेय, रक्तदाब नव्वदाच्या खाली आलाय, नळी लावल्यावर छातीत दोन्हीकडे खरखर ऐकू येते, सकाळपासून लघवी नाही, असं सगळं एका माणसात दिसलं तर त्याला माझ्या टेबलासमोरचा पलंग द्या. कारण त्याचं हृदय नुसतं दुखावलेलं नाही, ते दमलंय. अशा पेशंटांतले फार थोडे घरी जातात.

मग विचारायला लागा. वय काय, विडी-तंबाखू आहे का, प्रेशर आहे का, आधी कधी झटका आला होता का, भावाला-बापाला होता का. आणि साखर. साखर ठासून विचारा, एकदा नाही म्हणाला तर नातेवाइकाला बाजूला घेऊन पुन्हा विचारा. साखर जुनी झाली की आतल्या नसा बधिर होतात. त्या माणसाचं हृदय मरत असतं आणि त्याला दुखतच नाही. दुखत नाही म्हणून तो सांगत नाही आणि दुखत नाही म्हणून आपण ऐकत नाही.

इथवर लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. बाकी उद्या लिहिते.

सोमवार

आज रजा टाकली आहे. मुलं शाळेत गेली, हे कामावर. सासूबाई भागाबाईकडे. कालचं वाचून बघितलं. वरवर बघता चांगलं भाषण आहे, नाही?

भाऊ, मला तो दिवस तुला पुन्हा सांगायचा आहे. तू म्हणशील, हजारदा ऐकलाय. तू ऐकलास तो मी सगळ्यांना सांगितलेला. आज जरा जास्त सांगते.

आबा शुक्रवारी संध्याकाळी आले. दिवाळीच्या सुट्टीत मुलं यांच्याबरोबर साक्रीला गेली होती, घरात आम्ही दोघंच. रात्री भाकरी आणि वांग्याचं भरीत पोटभर जेवले. शनिवारी पहाटे साडेपाचला मोरीत ओकल्याचा आवाज आला. उठून बघते तर आबा भिंतीला टेकून बसलेले, बंडी घामाने भिजलेली. मी विचारलं, छातीत दुखतं का? म्हणाले, "दुखत त काही नाही वं. पोटात कसंतरीच होऊ राह्यलं." हात दुखतो का, जबडा दुखतो का, पाठीत काही? नाही, नाही, नाही. तंबाखू पुन्हा सुरू केलीत का? शपथ घेतली. मग मी विचारलं, आबा, तुम्हाला साखर वगैरे काही निघाली नव्हती ना कधी?

विचारलं होतं मी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून माझीच शोभा झाली असती. विचारलं होतं आणि आबांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, नाही.

मग मला वाटलं भरीत बाधलं. घाम ओकारीने आला असेल. आम्लपित्ताचं औषध दिलं, खाटेवर निजवलं. साडेसातला ड्युटीला निघाले. मधे अकराला भागाबाई डोकावली होती, आबांना धाप लागलेली दिसली. अशक्तपणा आला असेल म्हणून तिने साखर-मिठाचं पाणी करून पाजलं. बिचारीला वाटलं पुण्य केलं. मी अडीचला परत आले तेव्हा आबा खाटेवर उठून बसलेले, कारण आडवं झालं की श्वास कोंडत होता. रंग राखेसारखा. हात हातात घेतला आणि मला सगळं कळलं. नऊ तास उलटून गेल्यावर कळलं. पांझरेच्या पुलावर रिक्षा अडकली तर मी उतरून बैलगाडीवाल्याला शिव्या दिल्या, मी, जी तोंडातून अपशब्द काढत नाही.

कार्डिओग्राम निघाला. हृदयाची पुढची भिंत जवळजवळ सगळी गेली होती. रक्तदाब ऐंशी. गाठ विरघळवायचं इंजेक्शन तेव्हा आमच्याकडे नवं होतं, डॉक्टर ते पहिल्या सहा तासांतच देत. ती वेळ मी केव्हाच घालवली होती.

केसपेपर भरताना डॉक्टरांनी आबांना विचारलं, साखर आहे का. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. डॉक्टरांनी मला विचारलं, सिस्टर? मी छातीठोकपणे म्हणाले, नाही सर, घरात कुणालाच नाही. त्यांनी लिहून घेतलं. तो पेपर इंग्रजीत आहे, तुला मराठीत सांगते. मधुमेह : नाही. माहिती देणार : मुलगी, स्टाफ नर्स. तो कागद अजून आमच्या रेकॉर्डच्या खोलीत आहे आणि मी नोकरीत असेपर्यंत तिथेच राहील.

रक्तातली साखर तीनशे चाळीस आली. डॉक्टर म्हणाले, झटक्याच्या ताणानेही चढते कधी कधी, पण मुलगा आला की पुन्हा विचारू. संध्याकाळी तू आलास. व्हरांड्यात, पाण्याच्या माठाजवळ उभे होतो आपण तिघं. डॉक्टरांनी तुला विचारलं, तुमच्या वडिलांना आधीपासून साखर होती का, गोळ्या चालू होत्या का. नीट आठवून सांगा, उपचार बदलतील.

तू चपलेकडे बघितलंस. आणि म्हणालास, "नाही साहेब. लिलाने सांगितलं तेच. ती स्वतः सिस्टर आहे."

मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता भाऊ. वाटलं, एवढ्या संकटातही भाऊ माझ्या शब्दाला मान देतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले.

मंगळवार

काल इथेच थांबले, कारण मोठी शाळेतून आली आणि विचारायला लागली की आई तू का रडतेस. म्हटलं, कांदा चिरला. तिने चुलीकडे बघितलं, कांदा कुठेच नव्हता. मुलं हुशार झालीत.

आता आबा गेल्यावरच्या जलदान विधीचं लिहिते. त्यावर आपण कधीच बोललो नाही. मांडवात तीनशे माणूस. तू माइकवर उभा राहिलास. तू बोलायला लागलास की माणसं विडी विझवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि त्याचं मला कौतुकच होतं. आबांच्या कष्टांचं बोललास, त्यांनी आपल्याला शिकवलं त्याचं बोललास, मी पण रडले. मग म्हणालास, "पण दैव बघा. हृदयविकाराच्या वॉर्डातली सिस्टर घरात होती, पोटची लेक होती, आणि आबा तिच्या घरात नऊ तास तडफडले. यालाच म्हणतात दिव्याखाली अंधार."

पुढच्या रांगेत मी पांढऱ्या साडीत बसले होते. बायकांनी वळून वळून बघितलं.

तुझं ते वाक्य गावोगाव पोचलं. रावेरला लग्नात एका बाईने मला विचारलं, तूच ना ती सिस्टर? मी हो म्हणाले. काय बोलणार होते? मलाही ते खरंच वाटत होतं. त्यानंतर मी वॉर्डात कशी वागले ते तुला माहीत नाही. ओकारी झालेला प्रत्येक पेशंट मला झटक्याचा वाटायचा. पोरगेल्या पेशंटांचे कार्डिओग्राम दोन-दोनदा काढायला लावले, डॉक्टर चिडले. नाडी मोजताना आकडा विसरायची. बारा वर्षांची नोकरी, आणि मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. ऑगस्टमध्ये मेट्रनकडे अर्ज दिला की मला आयसीसीयूतून काढा आणि लस टोचायच्या विभागात टाका. तिथे बाळं रडतात, पण मरत नाहीत.

अर्ज मंजूर व्हायचा होता. तेवढ्यात, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी एक पेशंट आला. पुना नावाचा म्हातारा, साक्रीकडचा. छातीत दुखत नाही, पोट गच्च झालंय म्हणतो, गार घाम, धाप. बरोबर जावई. जावई आत आला आणि मी बघते तर आपला पितांबर, सावद्याच्या डॉक्टरांचा कंपाउंडर. मी कागद घेऊन विचारायला लागले. वय, विडी, प्रेशर. साखर आहे का?

पितांबर म्हणाला, "आहे ना ताई. तुमच्या आबांना होती तशीच. आबांच्या गोळ्या मीच तर बांधून द्यायचो."

मी त्याला म्हणाले, तुझी गल्लत होतेय, आमच्या आबांना साखर नव्हती. तो गोंधळला. म्हणाला, ताई, ब्याऐंशीच्या संक्रांतीला निघाली की. दर महिन्याला यादवभाऊ नाहीतर आबा स्वतः गोळ्या न्यायचे. असं कसं म्हणता?

हातातलं काम मी सोडलं नाही. पुनाबाबाला समोरच्या पलंगावर घेतलं. साखर आहे म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी दहा मिनिटांत कार्डिओग्राम काढला, झटकाच होता, वेळेत इंजेक्शन गेलं. बाराव्या दिवशी म्हातारा आपल्या पायांनी घरी गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्याला काय माहीत, त्याच्या जावयाने एक शब्द खरा सांगितला म्हणून तो वाचला.

मी पितांबरावर विसंबले नाही. मंदावहिनीला बंद पाकीट टाकलं. तिचं उत्तर आलं, पानभर. तिला यावरून एक शब्द बोललास तर मला कळेल, आणि मग माझ्याशी गाठ आहे. ती लिहिते, ताई, मी नवी होते, सांगितलं ते केलं. तुमच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीच्या माहेरी साखर आहे कळलं तर मुलीलाही होईल म्हणून साक्रीचे लोक मागे फिरतील असं सगळ्यांना वाटलं. लग्न झाल्यावर सांगायचं ठरलं होतं. मग आबाच नको म्हणाले, लिला माझं गोडधोड बंद करील. तुम्ही येणार असं पत्र आलं की गोळ्यांचा डबा माझ्या ट्रंकेत जायचा.

हे वाचून मी सासूबाईंना सांगितलं. त्या अडाणी बाई, पण एका दमात बोलल्या, "बठ्ठास्ले माहीत व्हतं नि तुलेच नही? मंग ते घर कोनं शे?" सगळ्यांना माहीत आणि तुलाच नाही, मग ते घर कुणाचं म्हणून विचारलं त्यांनी. ज्यांना फसवायचं म्हणून हे सगळं केलंत, त्यांना माझं खरं वाटलं, आणि तुम्हाला मी परकी झाले.

आणि बालुशाही. भाऊ, ती आठवली की मला घास जात नाही. दर खेपेला मी धुळ्याहून अर्धा किलो बालुशाही आणायची, आबांना आवडते म्हणून. स्वतःच्या हाताने भरवायची. एक खाल्ली की दुसरी, अजून एक घ्या आबा, माझ्यासाठी. माय चुलीपाशी, वहिनी दारात, तू खाटेवर. सगळे बघत बसायचात. एकाच्याही तोंडून 'पुरे' निघालं नाही. वहिनी लिहिते, तुम्ही गेलात की आबा दोन दिवस दोन-दोन गोळ्या घ्यायचे. पावणेनऊ वर्षं मी माझ्या बापाला माझ्या हाताने विष घातलं आणि तुम्ही माझं कौतुक केलंत की लेक किती लाडाची.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, लिला, तू तापट. तंबाखूवरून तू आबांना भर स्टेशनात, टोळीच्या माणसांसमोर बोललीस, त्यांनी पुडी गटारात फेकली आणि दोन दिवस जेवले नाहीत. तुला साखर सांगायची कुणाची छाती होती? मान्य. माझी जीभ तिखट आहे, मान्य. आबांनी मला भ्यायला नको होतं, आणि ते भ्याले यात माझाही वाटा आहे. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट मी समजू शकते. आबांवर रागवायची आता सोयही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण तू व्हरांड्यात काय केलंस ते कसं समजून घेऊ? तेव्हा लग्न मोडणार नव्हतं. आबा बंद दाराआड आत होते. डॉक्टर म्हणाले होते उपचार बदलतील. एक शब्द बोलायचा होता. तू तो गिळलास, कारण बोललास तर मी तिथल्या तिथे विचारलं असतं की किती वर्षं, आणि तुला माझ्याकडे बघावं लागलं असतं. साखर सांगितली असती तर आबा वाचले असते असं मी म्हणत नाही. मी नर्स आहे, खोटं बोलणार नाही. पुढची भिंत गेल्यावर आणि अंग थंड पडल्यावर दहांतले आठ जातात, त्यात साखर असेल तर नऊ. पण शनिवारी पहाटे मला ठाऊक असतं तर ते मोरीतून सरळ वॉर्डात गेले असते. साडेसहाला सुई टोचली गेली असती. हे मात्र मी छातीठोकपणे सांगते.

आणि त्यावर तू माइक हातात घेतलास. ठाऊक असून. तुला ठाऊक होतं मला का कळलं नाही, साऱ्या मांडवात तुला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, आणि तू तीनशे माणसांत माझ्या नावाने बोललास. डबा लपवला तो भीतीने लपवला असेल. हे भीतीने केलं नाहीस. कुणी तुला विचारू नये की मुलगा घरात असताना बापाकडे लक्ष कसं नव्हतं, म्हणून माझं तोंड आधीच काळं केलंस. केसाने गळा कापलास भाऊ.

एक गोष्ट राहिली. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, यांनाही नाही. त्या सकाळी मी साडी बदलून निघाले तेव्हा आबांनी माझा पदर धरला. म्हणाले, "आज नको जाऊ वं बाई ड्युटीवर." आबांनी जन्मात कधी मला कामाला जाऊ नको म्हटलं नव्हतं. ताप असला तरी जा म्हणायचे, सरकारची नोकरी आहे. मी पदर सोडवला. म्हटलं, आबा, दोन तासांत बरं वाटेल, तिकडे खरे आजारी लोक आहेत. हेच शब्द. हे माझं आहे, यातलं काही मी तुझ्या अंगावर ढकलत नाही. तुझं जे आहे तेवढंच तू उचल.

आता शेवटचं, जे मी तीन दिवस टाळतेय. पुनाबाबाला घरी सोडलं त्या दिवशी पितांबर निरोप घ्यायला आला होता. सहज बोलून गेला, यादवभाऊंना म्हणावं गोळ्यांत खंड पाडू नका, जूनपासून दोनदा न्यायचं चुकलंय.

तर तुलाही निघाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, विडी ओढणारा, बाप झटक्याने गेलेला, आणि साखर. शिकाऊ मुलींसमोर असा कागद ठेवला तर त्या न शिकता सांगतील पुढे काय वाढून ठेवलंय. आणि तू मला कळवलं नाहीस. तीन पानांचं पत्र लिहिलंस, मांडवाचे बांबू किती ते लिहिलंस, मला हृदयविकारावर बोलायला सांगितलंस. आबांच्या बाबतीत मी म्हणू शकते की म्हातारा हट्टी होता. तुझ्या बाबतीत काय म्हणू?

काल रात्रभर विचार केला की येऊच नये. मग वाटलं, स्वतः माइकवर जावं आणि सगळं सांगावं, व्हरांड्यापासून ट्रंकेपर्यंत. लोकांनी तुझ्याकडे वळून बघावं, जसं माझ्याकडे बघितलं. फार गोड वाटलं तो विचार करताना. पण ते मी करणार नाही. माय समोर बसलेली असेल.

कार्डावर माझं नाव छाप. मी येते. पण माझ्याआधी तू बोलायचंस, त्याच माइकवर. आबांना पावणेनऊ वर्षं साखर होती. आम्ही ती लिलापासून लपवली. मला स्वतःलाही आहे. एवढंच सांग, मग बस. तू नेहमीसारखं सजवून बोलू नकोस, साधं बोल. त्यानंतर मी उठेन आणि जे पहिल्या दिवशी लिहिलं ते सगळं लोकांना समजावून सांगेन, आणि ते ऐकतील, कारण तुझ्या तोंडून खरं ऐकलेलं असेल. त्या मांडवात मुलीचं लग्न ठरायचं आहे म्हणून कुणाची तरी साखर झाकून ठेवलेली असणारच, आपण काही जगावेगळे नाही.

तू बोलला नाहीस तर मी जागेवरून उठणार नाही. मायजवळ बसेन, जेवेन, दुपारच्या एसटीने परत येईन. पुन्हा सावद्याला माझं पाऊल पडणार नाही. मायला भेटावंसं वाटलं तर तिला इकडे आणीन.

बोल किंवा बोलू नको, पण एवढं ऐक. गोळी रोज घे. विडी आजच टाक. पायाला जखम झाली तर दुर्लक्ष करू नको. आणि कधी गार घाम आला, धाप लागली, ओकारी झाली, तर दुखत नाही म्हणून थांबू नको. कार्यक्रम असो, शाळा असो, सरळ जळगावला जा आणि पहिल्या माणसाला सांग की मला साखर आहे. माझ्यावरचा राग असो की माझा तुझ्यावरचा, त्या वेळी त्याचा विचार करू नको. मला एकच बाप होता, भाऊही एकच आहे.

मेट्रनकडून आज अर्ज परत घेतला. त्या म्हणाल्या, का गं, ठरलं होतं ना? म्हटलं, चूक माझ्या डोळ्यांची नव्हती. उद्यापासून पुन्हा सकाळची ड्युटी आयसीसीयूत आहे.

मायला जय भीम सांग, वहिनीला नमस्कार. पत्राच्या खाली 'तुझी लाडकी' लिहायची जुनी सवय आहे. आज ते शब्द लिहिले आणि खोडले. खाडाखोड दिसेल, दिसू दे. सही मात्र आबांचं नाव लावून करते.

लिला सुपडू तायडे